एका बाजूच्या अहवालावर मुलाचा ताबा ठरू नये



मुलुंडहून लोकल पकडायची, कुर्ल्याला उतरून रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुलातलं कौटुंबिक न्यायालय गाठायचं आणि पुकारा होईपर्यंत ताटकळायचं. शाळा बुडवून आलेलं आठ-नऊ वर्षांचं मूल एवढ्या दगदगीनंतर समुपदेशकासमोर बसतं, तेव्हा त्याचे डोळे दाराकडे असतात. बाहेर बाकाच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला बाबा. अर्ध्या तासात ते जे बोलेल, ते त्याच्या मनातलं की आदल्या रात्री पढवलेलं?

हे ओळखायला मानसतज्ज्ञ हवेतच. पण घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. अंधेरी-बोरिवलीत एक पालक मुलाला खासगी दवाखान्यात नेतो आणि दोन भेटींत अहवाल हाती पडतो: ‘मुलाला वडिलांची धास्ती आहे’, किंवा ‘आई मानसिकदृष्ट्या स्थिर नाही’. ज्याच्याविषयी हे लिहिलं, त्याचं तोंडही लिहिणाऱ्याने पाहिलेलं नसतं. मग तारखेमागून तारखा तो कागदच बोलत राहतो.

ताबा ठरवताना असा अहवाल न्यायालयाने विचारातच घेऊ नये. मारहाणीचा किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर मुलाला संरक्षण त्याच दिवशी मिळायला हवं आणि तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांची नोंद मोलाची आहे. मात्र आपल्याला काय दिसलं हे सांगणं वेगळं आणि मूल कुणाकडे राहावं हे सांगणं वेगळं. उपचार करणाऱ्याने दुसऱ्या कामात पडू नये. मुलाने ज्याच्यापाशी मन मोकळं केलं, तोच उद्या साक्षीदार म्हणून उभा राहिला, तर ते मूल पुन्हा कुणापाशी बोलेल?

कायद्यात सोय आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १२ नुसार न्यायालय स्वतः तज्ज्ञांची मदत घेऊ शकतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १०५ तर सांगतं की, मानसिक आजाराचा पुरावा समोरच्याने अमान्य केला, तर तो छाननीसाठी मानसिक आरोग्य आढावा मंडळाकडे पाठवावा. मुलाच्या ताब्याच्या पेरी कन्साग्रा प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाविषयीचा समुपदेशकाचा अहवाल मध्यस्थीच्या गोपनीयतेआड झाकता येणार नाही, असं म्हटलं. या अहवालाला एवढं वजन आहे, म्हणूनच तो घाईत लिहिलेला चालणार नाही.

तज्ज्ञांच्या नोंदींचं वजन आणखी एका प्रकरणात दिसलं. केरळच्या एका मुलाचा ताबा वडिलांना देणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये कायम ठेवला होता. जुलै २०२५ मध्ये न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्ना वराळे यांच्या खंडपीठाने तो स्वतःच फिरवला. आईपासून तुटण्याच्या भीतीने मूल खचत चालल्याचं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या तज्ज्ञांनी नोंदवलं होतं. देशाचं सर्वोच्च न्यायालय मागे वळलं, ते काय दिसलं हे सांगणाऱ्या अशा नोंदींमुळे.

मुंबईत असे तज्ज्ञ नाहीत असंही नाही. देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र टाटा समाजविज्ञान संस्थेने याच शहरात १९३७ साली काढलं. संस्था आज चेंबूरजवळ देवनारला आहे. केईएम, नायरसारखी पालिका रुग्णालयं आहेत. यांतून उपनगरांसाठी न्यायालयाने तज्ज्ञांची यादी करावी, अहवालावर त्यांचा नोंदणी क्रमांक सक्तीचा करावा आणि अहवाल दोन्ही पालकांना द्यावा. तज्ज्ञाने मुलाला एकदा आईच्या घरी, एकदा बाबांच्या घरी भेटावं, शाळा सुटल्यावर, त्याच्या दप्तर-खेळण्यांच्या पसाऱ्यात बसून.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)