पर्स कुणाची, सामान कुणाचं?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या पाचजणी एका कामासाठी कणकवलीला निघालो होतो. मालवण स्टँडवर गाडीची वाट बघता बघता मी गंमत म्हणून म्हटलं, चला, प्रत्येकीने आपल्या पर्समध्ये काय काय आहे ते बाहेर न काढता सांगायचं. सुरुवात झाली आणि हसून हसून पुरेवाट झाली. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, नवऱ्याचा चष्मा, मुलाच्या गाडीची जादा किल्ली, न भरलेलं लाइट बिल, नातवाचा एक मोजा (दुसरा कुठे ते माहीत नाही), दोन केळी, देवळातला प्रसाद, शेजारणीची रेशनकार्डाची झेरॉक्स. पाचजणींत मिळून स्वतःच्या म्हणाव्यात अशा वस्तू किती? कंगवा, रुमाल आणि मोबाइल.

मग एकीने विचारलं, ‘‘वहिनी, तुमच्या पर्समध्ये काय?’’ माझ्या पर्समध्ये यातलं काही नव्हतं. मी शहाणी आहे म्हणून नव्हे. मला शहाणपण फार महागात पडलं म्हणून.

बरीच वर्षं झाली त्या गोष्टीला. गटातल्या एका बाईचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं. आमच्याकडे मोठ्या दुखण्याला बांबोळी, कोल्हापूर, बेळगाव नाहीतर थेट मुंबई गाठायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गटातून तिला नऊ हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं आणि सोबत म्हणून मी निघाले. ‘‘वहिनी शिकलेल्या, पैसे त्यांच्याकडेच असू देत,’’ असं सगळ्यांनी ठरवलं. माझ्या खांद्याला एका प्रदर्शनात हौसेने घेतलेली आरशांच्या भरतकामाची झोळी. दिसायला अतिशय देखणी, पण चेन नाही. वर एक लोहचुंबकाचं बटण. तिच्यात पैशांचं पाकीट, त्या बाईचे रिपोर्ट, पाण्याची बाटली, चिवड्याचा डबा आणि आमच्या यजमानांनी दुरुस्तीला दिलेलं घड्याळ. ‘तू जातेच आहेस तर’ हे वाक्य कुठल्या घरात नसतं?

वाटेतल्या एका स्टँडवर गाडी बदलताना दारात झुंबड उडाली. एका हातात तिची कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा धरलेला आणि झोळी पाठीमागे लोंबकळते आहे. आत बसलो, कंडक्टर आला, मी झोळीत हात घातला आणि हात खालून बाहेर आला. ब्लेडने व्यवस्थित, सरळ रेषेत कापलेलं. चिवड्याचा डबा जागच्या जागी होता. पाकीट नव्हतं.

तिकिटाचे पैसे बाजूच्या सीटवरच्या एका अनोळखी बाईने दिले. ऑपरेशन पुढे गेलं. गटाचे पैसे मी घरखर्चातून वाचवून हप्त्याहप्त्याने भरले, त्याचं काही नाही. पण त्या बाईच्या नवऱ्याने माझ्यासमोर जे म्हटलं ते अजून आठवतं. ‘‘बायकांच्या हातात पैसे दिले की असंच होतलां.’’ त्यानंतर कितीतरी महिने ती एकटी कुडाळच्या बाजाराला म्हणून गेली नाही. मीही खरं तर घाबरून गेले होते. कुठे जायचं म्हटलं की यजमान म्हणायचे, ‘‘थांब, रविवारी मी येतो.’’ त्यांच्या मनात काळजीच होती. पण रविवारी सरकारी कचेरी उघडी नसते, आणि माझी कामं सगळी कचेरीतली.

म्हणून मला वाटतं, प्रवासाची पर्स हा काही फॅशनच्या पानावरचा विषय नाही. १७ मार्च २०२३पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. ७५ वर्षांवरच्यांना तर ऑगस्ट २०२२पासूनच तिकीट नाही. तेव्हापासून माहेर, बाजार, बँक, दवाखाना यासाठी एकट्या निघणाऱ्या बाया मी रोज बघते. त्यातल्या एकीचे पैसे गेले की घरातून पहिलं वाक्य येतं, ‘‘पुन्हा एकटी जाऊ नकोस.’’ नऊ हजार परत मिळवता येतात. हे वाक्य परतवणं फार कठीण जातं.

आता थोडं मागे जाऊन बघा. आपल्या आज्यांकडे पर्स नव्हती, पण पैसे मात्र राखलेले असायचे. नऊवारीच्या ओच्यात, कनवटीला, फारच थोडे असले तर पदराच्या गाठीला. आजही संध्याकाळी मालवण बंदरावर मासळीच्या लिलावाला उभ्या राहा. हजारोंची उलाढाल करणाऱ्या आमच्या मासेविक्रेत्या बायकांच्या खांद्याला काही नसतं. बटवा कमरेला खोचलेला, पोटाशी. सुंगटं मोजतानाही एका कोपराचा स्पर्श बटव्याला असतो. मी एकदा खांद्यावर पर्स टाकून पापलेटाची घासाघीस करत होते, तर त्यातल्या एकीने मला सुनावलंन, ‘‘गो बाय, पिशवी पाठीर आणि नजर माशार! पोटाकडे घे ती आधी.’’ सुरक्षित पर्सचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आलं. पोटाकडे घे.

सहावारी आली, पंजाबी ड्रेस आला आणि ही जागाच गेली. पुरुषांच्या शर्ट-पँटीला मिळून चार-पाच खिसे, आपल्या कुर्त्याला एक नाही. मग खांद्याला पर्स आली, आणि पर्स आली म्हटल्यावर ज्यांना पाच खिसे आहेत त्यांचंही सामान तिच्यात आलं! माझा मुख्य आक्षेप इथे आहे. चोर पर्स फाडतो ते नंतर. आधी ती असुरक्षित होते घरच्यांमुळे. दर दहा मिनिटांनी कुणाला पाणी हवं, कुणाला चष्मा, कुणाला गोळी. दर वेळी आपण चेन उघडतो, वरचं पाकीट बाजूला करतो आणि डब्यातल्या सगळ्यांना दाखवतो की पाकीट इथे आहे. शेवटी कंटाळून चेन अर्धी उघडीच ठेवतो. म्हणून माझा नियम असा, की खाऊ-पाणी-औषधांची पिशवी वेगळी, ती ज्याला तहान लागते त्याच्या खांद्याला. माझ्या पर्समध्ये फक्त माझं. घरी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा दोन दिवस जरा धुसफूस झाली. आता यजमानांच्या चष्म्याला त्यांच्या शर्टाचा खिसा सापडला आहे.

बरं, पर्स घेतो तरी कशी आपण? खरं सांगा. साडीच्या दुकानात खरेदीवर मिळालेली, विम्याच्या एजंटाने दिलेली, नाहीतर हळदीकुंकवाला लुटलेली. पैसे मोजून घेतली तर लग्नात साडीवर शोभेल म्हणून. चपला घेताना चालून बघतो तशी पर्स घेताना एकदा तरी भरून बघावी ना! मी दुकानात माझं सामान आत घालते, पट्टा खांद्यावरून तिरका घेते, आणि एका हाताने वर दांडा धरल्यासारखा धरून दुसऱ्या हाताने चेन लावून बघते. नाही लागली तर पर्स परत फळीवर. दुकानदार हसतो. हसू दे.

पट्टा लांब-आखूड करता येईल असा, दीड इंच तरी रुंद, आणि जिथे शिवला आहे तिथे चौकोनात फुलीची शिलाई असलेला. नुसत्या कडीत अडकवलेला पट्टा ऐन वेळी निसटतो. पर्स पाठीवर नाही, कुशीतही नाही, पोटावर आली पाहिजे. चेन लावल्यावर रनर पुढच्या बाजूला, आपल्या हाताखाली यावा. आत अंगाकडच्या बाजूला चेनचा एक कप्पा हवा, आणि अस्तर फिकट रंगाचं. काळ्या अस्तरात रात्रीच्या गाडीत काही सापडत नाही आणि आपण मोबाइलची बॅटरी लावून शोधत बसतो. आकार केवढा? रिपोर्टचा कागद एक घडी घालून मावेल आणि अर्ध्या लिटरची बाटली जेमतेम बसेल, बस्स. मोठी घेतली की ती भरतेच. शहरात हल्ली पट्ट्यात तार घातलेल्या, ब्लेडने न कापल्या जाणाऱ्या पर्सही मिळतात. परवडत असेल तर घ्यावी, पण ती पाठीवर टाकली तर तारेचा काही उपयोग नाही.

आपल्या किनाऱ्यावर कापडाचाही विचार करावा लागतो. रेक्झिनची पर्स आमच्याकडे दुसरा पावसाळा बघत नाही, पापुद्रे सुटतात. चामड्याला श्रावणात बुरशी धरते. कॅनव्हास मजबूत खरं, पण एकदा भिजलं की दोन दिवस वाळत नाही. त्यापेक्षा पॅराशूटचं कापड बरं. आणि खाऱ्या हवेने धातूची चेन गंजून अडकते, मग आपण ती उघडी ठेवतो, म्हणून प्लॅस्टिकच्या जाड दातांची चेन बघावी. धातूचीच असेल तर तिच्यावरून महिन्याने मेणबत्ती घासावी. कागद आणि मोबाइल पावसात प्लॅस्टिकच्या चेनवाल्या पाकिटात.

इतकं करूनही सगळा पैसा पर्समध्ये ठेवू नये, हे माझं ठाम मत. पर्समध्ये तिकिटापुरते, चहापुरते, रिक्षापुरते. बाकीचे चोरखिशात. परकराला आतून, नाडीच्या खाली, उजव्या अंगाला वीतभर कापडाचा खिसा आणि वर चेन. ड्रेस घालणाऱ्यांनी सलवारीला शिवून घ्यावा. कापायचं तुकड्याचं कापड, शिलाई दहा मिनिटांची. लग्नाला जाताना दागिना न्यायचाच झाला तर तोही इथेच. आंगणेवाडीच्या जत्रेला तर मी पर्स नेतच नाही. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तिथीवर नसते, देवीचा कौल झाला की ठरते, पण गर्दी मात्र ठरलेली. लाखो माणसं येतात, मुंबईहून खास गाड्या सुटतात. त्या रांगेत माझ्या हातात ओटीची पिशवी आणि बाकी सगळं चोरखिशात.

रेल्वेची गोष्ट वेगळी. मालवणला स्टेशन नाही, म्हणून कुडाळ, ओरोस नाहीतर कणकवलीहून संध्याकाळची कोकणकन्या धरायची आणि पहाटे मुंबई. आपला मार्ग बहुतेक एकेरी, त्यामुळे रात्री क्रॉसिंगला गाडी कुठेही थांबते. खिडकी उघडी, आपण पेंगतोय आणि पर्स खिडकीशी, असं कधी करू नये. मोठी बॅग बाकाखालच्या कडीला साखळीने बांधा, पर्सचा पट्टा दंडात अडकवून पर्स डोक्याखाली घ्या. बाथरूमला जाताना ‘जरा बघा हं’ म्हणून शेजारणीवर सोडू नका. ती बिचारीही झोपलेली असते.

हल्ली मोबाइल म्हणजेच पर्स झालीय. पैसे त्यात, आधार त्यात, फोन नंबर त्यात. तो गेला की आपल्याला नवऱ्याचाही नंबर पाठ नसतो! परवा गटात विचारलं, तर बाराजणींपैकी तिघींनाच घरचा एक नंबर तोंडपाठ. दोन नंबर कागदावर लिहून चोरखिशात ठेवा. मोबाइलवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी नंबर दिसतो, तो घरच्या वहीत उतरवून ठेवा. मोबाइल हरवला तर त्याच नंबरावरून सरकारच्या ‘संचार साथी’वर तो बंद करता येतो. पैसे परस्पर काढले गेले तर लगेच १९३० ला फोन करा, रेल्वेत चोरी झाली तर १३९ आणि एरवी कुठेही ११२. रेल्वेत टीसीकडे तक्रारीचा फॉर्म मिळतो, प्रवास मोडून उतरावं लागत नाही.

आणि तक्रार कराच. मी तेव्हा केली नव्हती, कारण ‘ही आमची हद्द नाही’ म्हणतील, म्हणजे पुन्हा खेपा, आणि सोबत आजारी बाई. आता १ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे आहेत. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि प्रत फुकट मिळते. हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ प्रमाणे वेगळा गुन्हा धरला आहे. ‘बाईचीच चूक’ असं कलम त्यात कुठे नाही, मी वाचून बघितलं.

२०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हापासून आमचा गट कापडी पिशव्या शिवतो. कणकवलीहून आल्यावर ठरलं की आता अशा पर्सही शिवायच्या, आणि सोबत परकराला लावायचा चोरखिसा. पहिला नमुना गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकींना दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, आत बोटं घालून चाचपला.

‘‘गो, खिसो येवढो मोठो कित्याक शिवलंस? माझे सगळे पैशे अर्ध्यातच बसतले.’’

मशीनवरची मान वर न करता म्हणाली, ‘‘ऱ्हांव दे काकी. उरलेल्या अर्ध्यात काकांचो चष्मो मात्र घालू नको.’’