नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

पाकिटावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं छापलेलं दिसलं की लोक पुढचं काही वाचतच नाहीत. धोत्रासुद्धा नैसर्गिक आहे आणि कण्हेरही, पण सांगायचं कोणाला! आता तर गरोदर बाईला उलट्यांवर गांजापासून केलेल्या गोळ्या नि तेलं सुचवली जातात, तीही याच तीन शब्दांच्या जोरावर.

अतिशयोक्ती करत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१४ पासून गांजाची राजरोस दुकानं आहेत. तिथल्या संशोधकांनी ४०० दुकानांना फोन केले. फोनवरची बाई सांगायची, मला आठवा आठवडा आहे, फार मळमळतं, काय घेऊ? २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. ६९ टक्के दुकानांनी गांजाचंच काहीतरी घ्यायला सांगितलं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांचा आधार काय, तर त्यांचं स्वतःचं मत. ‘डॉक्टरांना विचारा’ असं आपणहून सांगणारी दुकानं जेमतेम ३२ टक्के. मी जन्मभर मराठी शिकवलं. समास सोडवायला विचारलात तर मत देईन, गर्भारपणातल्या औषधावर देणार नाही. दुकानदाराला मात्र हा संकोच नाही.

माझ्या भाचीची सून त्याच राज्यात असते. दिवस गेल्यावर तिच्या पोटात पाण्याचा घोटही ठरेना. फोनवर म्हणाली, “आजी, तुम्ही उगाच घाबरता. दुकानातला मुलगा म्हणाला, सीबीडीने नशा येत नाही.” बरं, नाही येत. पण नशा हा आईपुरता प्रश्न झाला, पोटातल्या जिवाचं काय? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये टीएचसी आणि सीबीडी दोन्ही गरोदरपणात आणि अंगावर पाजताना घेऊ नका, असं बजावलं आहे. गंमत म्हणजे याच घरात तिला पपईची फोड खाऊ देत नव्हते!

टीएचसी वारेतून बाळापर्यंत पोचतो, चरबीत मुरतो, आईच्या दुधातही उतरतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सहा लाखांवर गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मुदतीआधी बाळंत होण्याचं प्रमाण गांजा न घेणाऱ्यांत ६ टक्के, घेणाऱ्यांत १२ निघालं. तंबाखूसारख्या बाकीच्या गोष्टी जुळवून तुलना केली तेव्हा फरक ७.२ आणि १०.२ असा कमी झाला, पण पुसला गेला नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “अपाय नक्की सिद्ध कुठे झालाय?” थॅलिडोमाइडबद्दलही असंच म्हणत असत. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ते बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं, आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेईपर्यंत हजारो मुलं खुरटलेल्या हातापायांनी जन्मली. गांजा म्हणजे थॅलिडोमाइड नव्हे, हे मलाही कळतं. मुद्दा एवढाच की पुरावा विकणाऱ्याने द्यायचा असतो, बाळाने नव्हे.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या व्याख्येत गांजा आणि चरस येतात, नुसती पानं येत नाहीत. त्या फटीतून ‘विजया’च्या अर्काची तेलं घरपोच मिळू लागली आहेत. “आयुर्वेदात आहे” म्हणतात. आहे ना! पण औषध नियमांच्या ई (१) परिशिष्टात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे, तिच्यातही भांग आहे. ती कोणी वाचून दाखवत नाही.

असो. राग त्या मुलींवर नाही. “सगळ्याच बायकांना होतं” म्हणून तिच्या उलट्या उडवून लावणाऱ्या घरच्यांवर आणि डॉक्टरांवर आहे. अमेरिकेत काही राज्यांत तर गांजाचा अंश सापडला की बालकल्याण खात्याला कळवतात. मग ती डॉक्टरांशी खरं बोलेल कशाला? दुकानदार निदान ऐकून तरी घेतो.

आणि औषध नाही असंही नाही. डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्वाची गोळी जुनी आहे, तिच्यावर भरपूर अभ्यास झालाय, आपल्याकडेही डॉक्टर लिहून देतात. हीच गोळी १९८३ मध्ये अमेरिकेत खटल्यांच्या भीतीने कंपनीने बंद केली. दोष सिद्ध झाला नव्हता, तरी परतायला २०१३ उजाडलं. तपासलेल्या गोळीला तीस वर्षं वनवास, आणि न तपासलेल्या तेलाला कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान!