दुर्मिळ पाहुणा आणि त्याचें तळें

घरीं थोर पाहुणा आला म्हणजे त्यास पाहावयास सारा गांव लोटतो. परंतु ज्या घरानें त्यास आश्रय दिला, त्या घराची विचारपूस क्वचितच कोणी करितो. पक्ष्यांच्या बाबतींतहि आपलें वर्तन असेंच असतें.

आसामांत तिनसुकिया जिल्ह्यांत, दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या लगत मागुरी-मोटापुंग नांवाचें विस्तीर्ण तळें आहे. तिकडे अशा तळ्यास बील म्हणतात. सन २०२१ च्या फेब्रुवारींत तेथें मँडारिन जातीचें एक नर बदक दृष्टीस पडलें. तांबडी चोंच, डोळ्यावरून मागें गेलेला पांढरा पट्टा आणि पाठीवर शिडाप्रमाणें उभारलेलीं नारिंगी पिसें, असें त्याचें रूप. रशियाचा पूर्वभाग, चीन, कोरिया व जपान ही त्याची मायभूमि. आपल्या कवींनीं चक्रवाकाच्या जोडप्यास जो मान दिला, तोच चीन देशांत या बदकांच्या जोडप्यास आहे. त्याच मुलखांत दिब्रू नदीवर १९०२ सालीं या जातीची नोंद झाली होती. म्हणून वार्ता पसरतांच लोक नावा करून तें पाहावयास धांवले. यांत दोष कांहींच नाहीं.

परंतु आदल्याच वर्षीं त्या पाण्यावर काय गुदरलें होतें? २७ मे २०२० रोजीं जवळच्या बागजान येथील वायूची विहीर अनावर होऊन उसळली. ९ जून रोजीं तिनें पेट घेतला. आग विझविण्यास गेलेले दोन जवान प्राणांस मुकले. हजारों माणसें घरेंदारें सोडून छावण्यांत राहिलीं. बिलावर तेलाचा तवंग पसरला, मासे मेले, नदींतील डॉल्फिनहि मेलेला आढळला. ती आग नोव्हेंबरांत शमली.

कोणी म्हणेल, 'इतका सुंदर पक्षी आला, त्या अर्थीं तळें पूर्ववत् झालें!' हा तर्क आम्हांस मान्य नाहीं. वाट चुकून आलेला एकटा पक्षी तळ्याच्या आरोग्याची साक्ष देऊं शकत नाहीं. ती साक्ष द्यावी नेमानें येणाऱ्यांनीं. चक्रवाक दर हिंवाळ्यास तेथें येतो, तसाच आपल्या महाराष्ट्रांतील जलाशयांवरहि येतो. तो किती संख्येनें आला, किती दिवस राहिला, कोळ्याच्या जाळ्यांत मासे पूर्वीइतके येतात कीं नाहींत, हेंच खरें प्रमाण होय.

विद्यार्थिमित्रहो, आणखी एक विचार करा. १९०२ सालीं कोणी तें बदक पाहून कागदावर टिपून ठेविलें, म्हणूनच २०२१ सालीं त्याच्या पुनरागमनाचें महत्त्व कळलें. तेव्हां एक साधी वही घ्या. गांवच्या तळ्यावर दर रविवारीं जा. हळदी-कुंकू, अडई, चक्रवाक, जें दिसेल तें तारखेसह लिहा. दुर्मिळ पक्षी दिसल्यास दुरूनच पाहा. जवळ जाऊन त्यास उठवूं नका. आणि पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलांस या कामीं उत्तेजन द्यावें, आणि तळ्यांत कचरा वा सांडपाणी जात असेल तर तें स्वतः थांबवावें. पाहुणा केव्हां येईल हें आपल्या हातीं नाहीं; घर नीट ठेवणें मात्र आहे.