डच समासांवर कुऱ्हाड

डच भाषेंतील लांबलचक सामासिक शब्द पाहिले कीं इंग्रजीवर पोसलेला वाचक नाक मुरडतो. ‘ही मालगाडी मध्यें तोडली कां नाहीं?’ असें तो विचारतो. खुद्द नेदर्लंड्समध्येंही समासाचीं पदें इंग्रजी वळणानें सुटीं लिहिण्याची खोड फैलावली आहे. तेथील भाषाप्रेमी तिला ‘इंग्रजी रोग’ म्हणतात. मौज अशी कीं डच भाषेंत मुडदुसाचें जुनें नांवही हेंच! हाडें मऊ करणारा तो रोग, अर्थ ढिला करणारा हा.

पदें तोडल्यानें अर्थ सुबोध होतो, हा भ्रम आहे. ‘लांगेआफस्टान्ट्सलोपर’ म्हणजे लांब पल्ल्याचा धावपटु. त्यांतील ‘लांगे’ सुटें केलें कीं तें धावपटूचें विशेषण होतें, आणि बिचारा नुसता उंच ठरतो. पल्ल्याची लांबी गेली ती गेलीच!

दुसरा पक्ष म्हणतो, ‘शब्द अखंड लिहा, पण अक्षरें पाडून वाचा, म्हणजे झालें.’ यांत अर्धेंच सत्य आहे. ‘क्वार्ट-स्लाखेन’ म्हणजे पाव वळसे, आणि ‘क्वार्ट्स-लाखेन’ म्हणजे क्वार्ट्झ खनिजाचे थर. डच लिपींत दोहोंचें लेखन एकच. येथें अक्षरविभाग निवाडा करतो, हें कबूल. पण मालिशीचा पलंग आणि सामुदायिक प्रार्थना हे दोन अर्थ देणारा एक समास आहे. लेखन तेंच, अक्षरें चारच, तींही त्याच जागीं तुटणारीं. मग फरक कशानें कळावा? आघातानें. डच समासांत मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर, त्या पदाच्या ठरलेल्या जागीं पडतो. ‘मासाझ’ या पदांत तो दुसऱ्या अक्षरावर, म्हणून पलंग. ‘मासा’ या पदांत पहिल्यावर, म्हणून प्रार्थना. त्याबरोबर मधल्या व्यंजनाचा उच्चारही पालटतो. नगरभवनवाचक ‘स्टाटहौस’सारखे अपवाद आहेत, पण अपवादांनीं नियम बुडत नाहीं.

हें आपणांस नवें वाटूं नये. ‘इन्द्रशत्रु’ या समासांत स्वर चुकला आणि यजमानच मारला गेला, ही महाभाष्यांतील कथा आपल्या घरचीच. तो वैदिक स्वर, हा डच बलाघात. जाति भिन्न, धडा एकच. डोळ्यांना शब्द लांब दिसला म्हणून त्यावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वीं तो एकदां कानांनीं वाचावा, एवढेंच आमचें मागणें आहे.