सोलापूरचे विमान आणि करकंबचा प्रवासी

सोलापूरहून गोव्याची विमानसेवा ९ जून २०२५ रोजी सुरू झाली आणि १५ ऑक्टोबरला मुंबईची. सोलापूर-मुंबई हे अंतर लोहमार्गाने सुमारे साडेचारशे किलोमीटर, तर सरळ आकाशमार्गाने साधारण तीनशे साठ. दौंड-पुण्याचा वळसा नाही, बोरघाटही नाही. ‘तासाभरात मुंबई’ हे वर्तमान या अर्थाने खरेच आहे. प्रश्न एवढाच, की हा तास कोणाचा?

प्रवाशाचा काळ धावपट्टीवर नव्हे, घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो. करकंबच्या माणसाचा हिशेब मांडून पाहावा. होटगी रस्त्यावरील विमानतळ गाठण्यास दोन तास, तपासणीसाठी एक तास आधी हजेरी, उड्डाणाचा एक तास आणि मुंबईच्या विमानतळावरून मंत्रालयापर्यंत आणखी दीड. बेरीज साडेपाच तास. उलटपक्षी कुर्डुवाडी तासाभरावर आहे. तेथे थांबणारी, फेब्रुवारी २०२३ पासून धावू लागलेली वंदे भारत गाडी धरल्यास एकूण सात-सव्वासात तास लागतात. म्हणजे खरी बचत दीड-पावणेदोन तासांची. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाणारा तर हा काळ झोपेत घालवतो. त्याच्या वेळेची संधी-किंमत जवळजवळ शून्य. (वर्गात हे उदाहरण दिले की पाठ्यपुस्तकातील व्याख्या आपोआप उलगडते.)

गोव्याची गोष्ट निराळी. तिकडे रस्त्याने गेल्यास दिवस मोडतो, म्हणून वाचलेला वेळ मोठा. पण शिक्षक, कारकून, रुग्ण यांची नड पुण्या-मुंबईची असते, गोव्याची क्वचित.

या सेवेची किंमत केवळ तिकिटावर छापलेली नाही. केंद्राच्या २०१६ च्या ‘उडान’ योजनेचे तत्त्वच हे, की भाडे आवाक्यात ठेवून कंपनीची तूट सार्वजनिक निधीतून भरून द्यावी. मुंबई मार्गासाठी राज्य शासनानेही २०२५ मध्ये तोच मार्ग पत्करला. त्यापूर्वीचा एक खर्च तर कोणत्याच हिशेबवहीत नीट बसत नाही. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी उड्डाणमार्गात अडथळा ठरली आणि १५ जून २०२३ रोजी ती पाडली गेली. तिच्या वैधतेचा वाद बाजूस ठेवला, तरी ऊसउत्पादक सभासदाने जे गमावले आणि विमानातील प्रवाशाने जे मिळवले, ते दोघे एकच नव्हेत हे कसे विसरावे?

विमान नकोच, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. चादरी-टॉवेलच्या कारखानदारास, बाहेरून येणाऱ्या खरेदीदारास एका दिवसात जाऊन परतणे मोलाचे आहे आणि त्यातून शहरास रोजगार मिळू शकतो. परंतु तूट भरून द्यायची ती वाचलेल्या मिनिटांसाठी असेल, तर ती मिनिटे तालुक्याच्या गावापासून मोजावीत. पहाटेच्या वंदे भारतशी वेळ जुळवून करकंबहून कुर्डुवाडीस एस.टी. सोडण्यास काय खर्च येईल, आणि त्यातून किती जणांचे किती तास वाचतील, हा हिशेब विमानाच्या अनुदानाशेजारी ठेवून एकदा मांडला जावा.