कात्रीची शाळा

चित्रपट पाहून घरी परतल्यावर आपल्याकडे नटनट्यांची चर्चा होते, गाण्यांची होते, क्वचित दिग्दर्शकाचीही होते. संकलकाचे नाव पडद्यावरून कधी सरकून गेले, हे मात्र कोणाच्या लक्षातही राहत नाही. असे असूनही आपल्या घरांतील कितीतरी मुले-मुली आता बारावीनंतर ‘आम्हाला एडिटिंग शिकायचे आहे’ असे म्हणू लागली आहेत. मग घरात प्रश्न उभा राहतो तो पैशांचा. खाजगी संस्थांची शुल्के लाखांच्या घरात जातात, परगावी राहण्याचा खर्च निराळा, आणि एवढे करून ही आवड टिकेल याची शाश्वती कोणी द्यावयाची? वडील नाही म्हणतात, मूल रुसते, आईची मधल्यामध्ये ओढाताण होते. अशा पालकांना आमचे सांगणे एवढेच की, होकाराची वा नकाराची घाई करू नये. शुल्क भरण्यापूर्वी सहा महिने मुलाला घरीच शिकू द्यावे. त्यासाठी लागणारी सामग्री इंटरनेटवर बहुतांशी विनामूल्य मिळते.

घरी शिकून कोठे चित्रपट येतो काय, असे कोणी विचारील. त्यांना आम्ही दादासाहेब फाळक्यांचे स्मरण देऊ. ज्या वडोद्यात आपली इतकी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तेथील कलाभवनात फाळक्यांनी छायाचित्रण व अन्य कलांचे शिक्षण घेतले. चित्रपट शिकविणारी शाळा मात्र त्या काळी हिंदुस्थानात नव्हती. त्यांनी पुस्तके व नियतकालिके वाचली, १९१२ साली लंडन गाठले, ‘बायस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले आणि कॅमेरा घेऊन परत आले. मग वाटाण्याचे रोप कसे वाढते याची छोटी चित्रफीत घरीच तयार केली. सरस्वतीबाईंनी फिल्मला भोके पाडण्यापासून तुकडे जोडण्यापर्यंतची कामे घरसंसार सांभाळून शिकून घेतली. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ अशा घरच्या शाळेतून बाहेर पडला.

आता प्रथम हत्यारांकडे वळू. ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीचे ‘दाविंची रिझॉल्व्ह’ हे सॉफ्टवेअर व्यावसायिक चित्रपटांसाठी वापरले जाते. त्याची एक आवृत्ती संपूर्ण विनामूल्य आहे. संकलन, रंगसंस्करण, ध्वनी व दृश्यचमत्कृती ही सर्व कामे त्या एकाच ठिकाणी होतात. कंपनीने त्याची पाठ्यपुस्तकेही सरावाच्या चित्रणासह आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेविली आहेत. घरचा संगणक जुना असेल तर ‘केडेनलाइव्ह’ अथवा ‘शॉटकट’ ही हलकी व मोफत साधने घ्यावीत. मूळ चित्रणाच्या लहान आकाराच्या प्रती करून त्यांवर काम करण्याची ‘प्रॉक्सी’ नावाची सोय असते, तीही जुन्या यंत्रास मानवते. एवढे सारे राजमार्गाने मिळत असता चोरीच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागण्याचे काहीच कारण उरत नाही.

परंतु बटणे कळली म्हणजे संकलन कळले असे नव्हे. मोफत धडे पाहणाऱ्या मुलांची फसगत येथेच होते. कोणती कळ दाबली असता तुकडा कापला जातो, हे दोन महिन्यांत कोणासही येते. कोणता तुकडा ठेवावा आणि कोणता टाकावा, हे येण्यास वर्षे लागतात. मॉस्कोतील लेव्ह कुलेशॉव्ह या शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी आपल्या शिष्यांना नेमके हेच शिकविले. क्रांतीनंतरच्या टंचाईत कोरी फिल्म दुर्मिळ होती. तेव्हा ही मंडळी दुसऱ्यांचे जुने चित्रपट सोडवून पुन्हा निराळ्या क्रमाने जोडीत. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या थाळीशेजारी आणि एकदा शवपेटीशेजारी जोडला, तर प्रेक्षकांना तो प्रथम भुकेला आणि नंतर शोकमग्न वाटला, ही कथा त्याच कार्यशाळेतील. नटाच्या चेहऱ्यावरील रेषाही हलली नव्हती. अर्थ दोन तुकड्यांच्या सांध्यात निर्माण झाला होता.

हा अभ्यास आज आपल्या मुलांनाही करता येतो. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर प्रेलिंगर संग्रह म्हणून एक भांडार आहे. अमेरिकेतील जुने जाहिरातपट, शैक्षणिक व औद्योगिक लघुपट तेथून उतरवून घेऊन त्यांची नव्याने जुळणी करता येते. दहा मिनिटांच्या एका चित्रफितीची तीन मिनिटे करावीत. मग त्याच चित्रांतून मूळच्या अगदी उलट अर्थ निघेल अशी मांडणी करून पाहावी. शंभर धडे पाहून जे कळत नाही, ते अशा एका सरावाने कळते.

वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाचे ‘इन द ब्लिंक ऑफ अॅन आय’ हे छोटेसे पुस्तक मात्र विकत घेऊन संग्रही ठेवावे. कट कोठे घ्यावा याच्या सहा कसोट्या त्याने सांगितल्या आहेत आणि त्यांना टक्केवारीही दिली आहे. भावनेला ५१, कथेला २३ आणि लयीला १० टक्के देऊन उरलेले १६ टक्के त्याने नजरेचा प्रवास, पडद्याची सपाट चौकट आणि स्थळाची सलगता यांत वाटले आहेत. नवशिके बहुधा या शेवटच्या सोळा टक्क्यांतच गुरफटून बसतात. १९७९च्या ‘अॅपोकॅलिप्स नाऊ’ या चित्रपटासाठी सुमारे साडेबारा लाख फूट फिल्म चित्रित झाली होती. पडद्यावरील एका मिनिटामागे पंच्याण्णव मिनिटांचे चित्रण असे ते प्रमाण पडले. मर्चने हिशेब मांडला आहे की, त्या कामात प्रत्येक संकलकाच्या वाट्याला दिवसाकाठी सरासरी दीड जोडही आला नाही. उरलेला वेळ जोडून पाहण्यात, मोडण्यात आणि पुन्हा पाहण्यात गेला. ‘सात दिवसांत संकलक व्हा’ अशी जाहिरात दिसली, तर हा हिशेब आठवावा.

पाहण्याचाही अभ्यास असतो. टोनी झाऊ व टेलर रामोस यांनी २०१४ ते २०१६ या काळात ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’ या नावाने जे दृक्-निबंध प्रसिद्ध केले, ते आजही मोफत पाहावयास मिळतात. संकलक कसा विचार करतो यावरही त्यांत एक निबंध आहे. ‘सिनेमेट्रिक्स’ या संकेतस्थळावर चित्रपटातील शॉटांची लांबी मोजण्याची सोय आहे. आणि आपला ‘संत तुकाराम’ (१९३६) इंटरनेटवर आहेच. त्यातील एक प्रसंग प्रथम आवाज बंद करून पाहावा, नंतर डोळे मिटून नुसता ऐकावा आणि मग प्रत्येक कट कागदावर उतरवून काढावा. तो ज्या प्रभात स्टुडिओत घडला, त्याच पुण्याच्या आवारात १९६० पासून आजची फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

ध्वनीकडे मुलांचे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. चित्र थोडे अंधुक असले तर प्रेक्षक सांभाळून घेतो. बोलणे ऐकू आले नाही की उठून जातो. चित्रण संपल्यावर त्याच खोलीतील शांतता अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवावी. जोडांच्या मधल्या फटी तिने भरून निघतात. आवाज स्वच्छ करण्यास ‘ऑडॅसिटी’ हे मोफत साधन पुरेसे आहे.

सरावासाठी कच्चा माल कोणता घ्यावा, असे विचाराल तर तो आपल्या घरातच आहे. इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या, बेळगावच्या कितीतरी आजी-आजोबांच्या तोंडी जी मराठी आहे ती पुण्या-मुंबईत ऐकू येत नाही, आणि आणखी दहा वर्षांनी ती येथेही ऐकू येईल असे नाही. मोबाइलवर त्यांच्याशी तासभर बोलून ते मुद्रित करावे आणि त्याची पाच मिनिटांची चित्रफीत करावी. पंचावन्न मिनिटे कोणती वगळावयाची? आजी बोलता बोलता थांबल्या, तो क्षण ठेवावयाचा की नाही? हल्लीची सॉफ्टवेअरे रिकाम्या जागा आपोआप छाटून देतात. पण एखादी रिकामी जागाच सर्व काही सांगून जाते, हे त्यांना उमगत नाही. मूळ मुद्रण मात्र पुसू नये. मुलाचा सराव होईल आणि घराण्याचा ठेवा राहील.

इंटरनेटवर एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे समोर बसून ‘येथे मला कंटाळा आला’ असे सांगणारे माणूस. ते काम घरच्यांनी करावे. नुसते कौतुक करू नये. कोठे मन गुंतले आणि कोठे उडाले, तेवढे प्रामाणिकपणे सांगावे.

सहा महिन्यांनी मुलाने किती धडे पाहिले हे विचारू नये. किती चित्रफिती पुऱ्या केल्या आणि एकच चित्रफीत किती वेळा मोडून नव्याने जुळविली, हे पाहावे. ज्याने हे न कंटाळता केले असेल, त्याच्यासाठी चांगल्या संस्थेची प्रवेशपरीक्षा आणि तिचा खर्च यांचा विचार अवश्य करावा. दाखविण्याजोगे कामही तोवर त्याच्या हाती आलेले असेल. ज्याची आवड दोन महिन्यांत ओसरली, त्यालाही बोल लावू नये. त्याला स्वतःविषयी एक गोष्ट कळली, आणि ती कर्ज काढण्यापूर्वी कळली.