पऱ्हाटीतली साखर

फेब्रुवारी-मार्चमध्ये नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला यावे. आधी पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे ढीग दिसतात, मग तुरीच्या काड्यांचे, तुराटीचे. थोडे सरपणाला घरी जाते, उरलेल्याला बांधावरच काडी लावली जाते. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. कपाशीचे ढीग तसेच ठेवले तर त्यात शेंदरी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात परत येते.

पण त्या धुराबरोबर इथेनॉलही जाते. पऱ्हाटीत साखर आहे, फक्त ती उसासारखी चरकातून निघत नाही. आपल्याकडे तुराटीचा कुड विणतात आणि शेणामातीने लिंपतात. काडीच्या आतली रचनाही अगदी तशीच असते. सेल्युलोजच्या काड्या, त्यांना बांधणारे हेमिसेल्युलोज आणि वरून लिग्निनचे लिंपण. लिंपण फोडल्याशिवाय विकरे आत शिरत नाहीत, आणि विकरे शिरल्याशिवाय सेल्युलोजची साखर सुटत नाही. हे फोडणे म्हणजेच पूर्वप्रक्रिया.

सौम्य गंधकाम्लात काडी शिजवली तर हेमिसेल्युलोज सुटते, पण आच जास्त झाली की साखरेचेच फरफ्युरल होते आणि ते साखर आंबवून इथेनॉल करणाऱ्या यीस्टला मारक ठरते. कॉस्टिक सोडा लिग्निन विरघळवतो. मग लगदा धुवायला भरपूर पाणी लागते आणि काळे सांडपाणी उरते. तिसरी रीत वाफेची. दाबाखालच्या वाफेत काडी ठेवायची आणि दाब एकदम सोडायचा, की तंतू फुटतात. यात रसायन कमी लागते, धुणेही कमी.

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी लातूरने प्यायले आहे. म्हणून इथे पद्धत निवडताना पहिला प्रश्न पाण्याचा विचारला पाहिजे, उताऱ्याचा नंतर. माझा कौल वाफेला आहे. बॉयलर आणि वाफ सांभाळणारी माणसे आपल्या साखर कारखान्यांत आहेत, आणि हंगाम संपला की तिथली धुराडी थंड पडतात. पऱ्हाटी वाळलेली, लाकडी. शेतातच तुकडे करून ती कोरडी ठेवली तर तोवर टिकते.

पानिपतच्या इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचे १० ऑगस्ट २०२२ रोजी लोकार्पण झाले. तंत्र पुण्याच्या प्राजचे. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल असा त्याचा आराखडा, म्हणजे टनाला दीडशे लिटर. हा आकडा पऱ्हाटीला जसाच्या तसा लावू नये. पेंढा मऊ असतो, पऱ्हाटी म्हणजे जवळजवळ लाकूडच. तिच्यात लिग्निन जास्त. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे संकुल जालन्यात आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ नांदेडात आहे. या दोघांनी आपल्याच शिवारातली काडी घेऊन, तिला किती वाफ, किती वेळ, किती पाणी लागते ते मोजून जाहीर करावे.

कडब्याला आणि सोयाबीनच्या भुसकटाला मात्र कोणी हात लावू नये. ती जनावरांच्या तोंडची वैरण आहे. डिसेंबर २०२३मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधने आणली. पऱ्हाटी-तुराटीवर तशी वेळ येणार नाही. ती कोणाच्या ताटातली नाही आणि दावणीतलीही नाही.

अडचण वाहतुकीची आहे. ट्रॉली शिगोशीग भरते, पण वजन भरत नाही. म्हणून काडीचे तुकडे शेतातच करणारे यंत्र गावोगावी फिरले पाहिजे, आणि वजनकाटा कारखान्याच्या फाटकावर नको, बांधावर हवा. उपटणीची मजुरी शेतकरी आजही पदरचीच देतो. काडीच्या भावात आधी ती मजुरी धरा, मग पुढचा हिशेब मांडा.

— बांधकरी